विन प्रीस जेवणघरात आली तो रविवार

विन प्रीस माणसांना ताटांवरून ओळखायची, चेहऱ्यावरून नाही.

"सात नंबरवर तो चरबी बाजूला काढून ठेवणारा आलाय," परत आलेलं ताट बघून ती म्हणायची. "आणि खिडकीजवळच्या टेबलावर ती बाई, जी ग्रेव्ही कधी बटाट्यांवर घेत नाही, बाजूलाच घेते. आज सर्दी झालेली दिसते तिला. हॉर्सरॅडिशची झणझणीत चटणी दुप्पट खाल्लीय."

मी स्वागतकक्षात बसायचे, मला या सगळ्यांची नावं, गाड्या, सुना, कुत्री ठाऊक. विनला त्यांची भूक ठाऊक. अठरा वर्षं आम्ही एकाच छपराखाली काम केलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं एका रविवारचं जेवण संपलं की पुढच्या रविवारची वाट बघण्यात गेली.

आमचं ऑल्डरकोट टेकडीवर आहे, खाली ओढा, ओढ्यावर दगडी पूल, पुलापलीकडे गाव. आधी ते थार्प घराण्याचं राहतं घर होतं, मग ते विकलं गेलं आणि हॉटेल झालं. आठवडाभर लंडनची जोडपी यायची, शेकोटीजवळ बसून कुजबुजायची. रविवारी दुपारी मात्र अख्खं खोरं जेवायला यायचं. शेतकरी, डॉक्टर, शाळामास्तर, चर्चमधून थेट आलेल्या टोप्या घातलेल्या बायका. आणि त्यांना हवं असायचं तेच: भाजलेलं बीफ, मैद्याची टम्म फुगलेली खारी यॉर्कशर पुडिंग, कुरकुरीत बटाटे, आणि शेवटी गोड म्हणून आंबट ऱ्हुबार्बचा क्रंबल, वर कस्टर्ड. मुख्य आचारी ज्युलियन हुशार होता, पण रविवारच्या भट्टीला हात लावायची त्याची छाती नव्हती. ती विनची. ज्युलियन फक्त उंच पांढरी टोपी घालून, चाकांच्या गाडीवर मांस ठेवून, पाहुण्यांसमोर त्याचे काप काढायचा.

आणि विन? विन स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या झुलत्या दारातून कधीच पलीकडे गेली नाही. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

कारण तिने मला एकदाच सांगितलं, मटार सोलता सोलता. पंधराव्या वर्षी ती या घरात भांडी घासायला आली. वडील बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यात मजूर, घरात सहा भावंडं. सोळाव्या वर्षी, एका रविवारी, वाढणारी मुलगी आजारी पडली म्हणून विनच्या हातात सूपाचं मोठं भांडं देऊन तिला आत पाठवलं. गालिच्याच्या कडेला बूट अडकला. सूप गेलं पाहुणे म्हणून आलेल्या पाद्र्याच्या मांडीवर. लेडी थार्प उठल्यासुद्धा नाहीत. सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाल्या, "ही मुलगी मला पुन्हा या दालनात दिसता कामा नये."

लेडी थार्प वारल्या. घर विकलं गेलं. तीन मालक झाले. कुणाला त्या सूपाची आठवण असायचं कारण नव्हतं. पण विनने तो हुकूम पाळला. नाताळात नोकरांचं जेवण त्याच दालनात असायचं, तेव्हा ती म्हणायची, "तुम्ही जा, मला भट्टी पुसायचीय." लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तिच्या नवऱ्याने, रेजने, दोघांसाठी तिथे टेबल राखून ठेवलं. विनचं डोकं दुखायला लागलं. रेज बिचारा ट्रक चालवणारा, उसना टाय लावून एकटा जेवला, आणि मग वाढपाच्या खिडकीत डोकं घालून म्हणाला, "बीफ झकास होतं हं, विन." चार वर्षांनी रेज गेला. ही गोष्ट सांगतानाच काय तो तिचा हात मटारांवर थांबला होता.

आता त्या रविवारची गोष्ट.

मार्च महिना, मदरिंग संडे, म्हणजे आईचा रविवार. त्या दिवशी आमच्याकडे कुणी आईला घरी स्वयंपाक करू देत नाही, त्यामुळे आमच्याकडे चौऱ्याऐंशी माणसांची नोंद झालेली. शनिवारभर वेल्सच्या डोंगरांत पाऊस कोसळत होता. रविवारी पहाटे साडेपाचला विन सायकलवरून आली तेव्हा पूल कोरडा होता. आठ वाजता मी खिडकीतून खाली पाहिलं, तर पूलच दिसेना. तपकिरी पाण्याचा एक रुंद पट्टा, आणि त्यातून वर आलेली कुंपणाची टोकं.

फोन वाजायला लागले. ज्युलियन म्हणाला, "पॉलीन, माझी गाडी दिव्यांपर्यंत पाण्यात आहे. मी नाही येऊ शकत." वाढणाऱ्या चौघी मुली गावातल्या. चौघींचं तेच. हॉटेलात होतो आम्ही तिघंच: मी, विन आणि मालक मिस्टर लिडिएट. लंडनच्या पाहुण्यांची दोन जोडपी शनिवारीच घाबरून पळाली होती.

लिडिएट साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पिठासारखा.

"मिसेस प्रीस, बंद करू या. सगळ्यांना फोन करून नाही म्हणू."

विन भट्टीसमोर वाकली होती. वळलीही नाही. "बरं. आणि या पाच तुकड्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगता की मी सांगू?"

"कुणाला?"

"या बीफला. आत्ताच घातलंय भट्टीत. त्याला पूर आलाय हे माहीत नाही."

"अहो, पण माणसं येणार कशी?"

तेवढ्यात मागच्या दाराला धक्का बसला आणि मर्विन बेनम आत आला. आमच्याच बाजूच्या शेताचा मालक, सहा फूट दोन इंच उंच, गुडघ्यापर्यंत चिखल.

"जेवण आहे ना?" त्याने विचारलं.

"साहेब म्हणतायत नाही," विन म्हणाली.

"म्हणजे काय नाही? माझी आई पलीकडे बहिणीकडे आहे. शुक्रवारपासून केस कुरळे करून बसलीय. तिला आज जेवायला नाही आणलं तर मला वर्षभर ऐकून घ्यावं लागेल." त्याने पायावरचा चिखल झटकला. "माझा मोठा ट्रॅक्टर पाण्यातून जातो. मी पाहिलंय जाऊन. मागे ट्रॉली लावतो, पेंढ्याच्या गासड्या टाकतो बसायला. चर्चच्या टोप्या काय, बिशप असला तरी आणीन."

लिडिएट साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला.

असे फोन मी आयुष्यात केले नव्हते. "सुप्रभात, ऑल्डरकोट हॉटेल. हो, जेवण आहे. साडेबाराला पुलापाशी या. गमबूट घालून. हो, आजींनापण. नाही, होडी नाही, ट्रॅक्टर." मला वाटलं होतं निम्मे नाही म्हणतील. चौऱ्याऐंशीपैकी एकाहत्तर जण हो म्हणाले. काही जण तर आनंदाने ओरडले.

साडेबाराला मी गच्चीवर पळत गेले. खाली बघते तर पुलापलीकडे रस्त्यावर जत्रा! निळे कोट, फुलांच्या टोप्या, हातात पिवळ्या डॅफोडिल्सचे गुच्छ, आणि सगळ्यांच्या पायांत काळे-हिरवे गमबूट. मर्विनचा ट्रॅक्टर पाणी कापत निघाला, मागची ट्रॉली गदागदा हलतेय, पोरं किंचाळतायत, बायका टोप्या धरून बसल्यात, आणि मर्विनची आई मधोमध गासडीवर, कुरळ्या केसांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून.

पहिली खेप पार. दुसरी पार. तिसऱ्या खेपेत मिस सिसिली थार्प होत्या. याच घराच्या कन्या, लेडी थार्प यांची मुलगी. वय शहाऐंशी, लग्न नाही केलं, गावातल्या लहानशा घरात राहायच्या आणि दर मदरिंग संडेला आपल्या जुन्या घरी येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या जेवायच्या. गळ्यात मोती, अंगावर भावाचा जुना लष्करी ओव्हरकोट. त्यांना बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "युद्धात मी अँब्युलन्स चालवलीय. मी उभीच राहीन," आणि ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या.

अर्ध्या वाटेत ट्रॅक्टरचं डावं चाक रस्त्याच्या कडेवरून घसरलं. ट्रॉली कलली. एवढ्या लांबून मला एकच मोठी किंकाळी ऐकू आली आणि डॅफोडिल्सचा एक गुच्छ पाण्यावरून वाहत जाताना दिसला. मर्विन थांबला. त्याला पाण्याखालचा रस्ता दिसत नव्हता.

आणि मग मिस थार्पांचा आवाज, टेकडीपर्यंत पोचेल असा खणखणीत: "मागे घे! आता उजवीकडे! अजून! अरे, त्या ओकच्या झाडाकडे तोंड कर! माझ्या वडिलांनी बांधलाय हा रस्ता, त्याची कड मला ठाऊक आहे!"

मर्विनने मागे घेतलं. चाक पुन्हा दगडावर चढलं. ट्रॉलीवरची माणसं अशी ओरडली की जणू सामना जिंकला. मिस थार्प म्हणाल्या, "चल रे, बटाटे थंड होतील."

एक वाजून वीस मिनिटांनी एकाहत्तर माणसं आत होती. दिवाणखान्याबाहेर गमबुटांचा डोंगर झाला आणि सगळे जण आपापल्या मोज्यांवर चालत जेवणघरात गेले. डॉक्टरांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, त्यांनी ते बायकोला दाखवलं आणि दोघं खो खो हसत सुटले. लोक एकमेकांशी टेबलं ओलांडून बोलत होते. एरवी आमच्याकडे तसं कुणी करत नाही.

पण वाढणार कोण? लिडिएट साहेबांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या. डॉक्टरांच्या बायकोने उठून ॲप्रन बांधला. शाळामास्तर म्हणाले, "मी गाजरं घेतो." मी वाढपाच्या खिडकीशी उभी राहून ताटं पुढे सरकवत होते.

मांस मात्र कापायचं राहिलं. चाकांच्या गाडीवर पहिला तुकडा ठेवलेला, बाहेरून काळपट कुरकुरीत, वास असा की अख्ख्या दालनाच्या माना तिकडे वळलेल्या. लिडिएट साहेबांनी सुरी हातात घेतली आणि लाकूड फोडावं तशी घातली. एक जाड, वाकडातिकडा गोळा निघाला. दुसरा त्याहून वाईट.

मी वळून पाहिलं. विन वाढपाच्या खिडकीतून बघत होती. तिच्या कपाळावरची शीर उडत होती.

"मांसाच्या रेषांच्या उलटं कापायचं असतं," ती पुटपुटली. "उलटं. अहो, उलटं!"

"विन, तू जा," मी म्हणाले.

"गप बस."

तिसरा गोळा. एका शेतकऱ्याने विचारलं, "साहेब, हे बीफ आहे की सरपण?" दालनभर हशा पिकला. लिडिएट साहेबही हसले, पण विनला ते हसू बोचलं.

"हसतायत त्याला," ती म्हणाली. साहेबांना नाही, बीफला. "पहाटेपासून जपलंय मी ते."

मागे पुडिंगच्या तीन पराती भट्टीतून नुकत्याच निघाल्या होत्या, सोनेरी, वीतभर उंच. पुडिंग पाच मिनिटं थांबतं, मग खाली बसतं. विनने त्यांच्याकडे पाहिलं. झुलत्या दाराकडे पाहिलं. ॲप्रन काढला, दुसरा स्वच्छ बांधला, गाठ चुकली, पुन्हा बांधली.

"पॉलीन, त्या गालिच्याची कड कुठे आहे?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "विन, तो गालिचा केव्हाच फेकून दिला. आता सपाट आहे सगळं."

"बरं," ती म्हणाली, आपली स्वतःची सुरी उचलली, आणि दाराला खांदा लावला.

पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं नाही. बुटकी, जाडजूड, लाल गालांची एक बाई, हातात सुरी. लिडिएट साहेबांपाशी जाऊन ती म्हणाली, "साहेब, द्या इकडे. तुम्ही गाजरं वाढा." साहेब इतक्या आनंदाने बाजूला झाले की त्यांनी तिला वाकून नमस्कारच केला. विनने सळईवर सुरीला तीनदा धार लावली आणि कापायला लागली. पातळ, रुंद, आतून गुलाबी काप एकावर एक पडायला लागले. दालनातला आवाज हळूहळू कमी झाला.

तिने गाडी पहिल्या टेबलाशी नेली. समोर मोठ्या मिशांचा एक गृहस्थ. विन म्हणाली, "एरवी कुठल्या टेबलावर बसता?"

"सात नंबरवर. आज इथे बसवलंय."

"मग चरबी नको तुम्हाला." तिने मधला, स्वच्छ काप काढला. "बारा वर्षं ती ताटाच्या डाव्या कडेला ठेवताय. आधी सांगितलं असतं तर मी काढून दिली असती ना!"

गृहस्थाच्या हातातला काटा तसाच राहिला. आणि मग तो असा हसला की मिशा हलल्या. "अहो, बायकोला बारा वर्षांत कळलं नाही ते!"

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. विन टेबलामागून टेबल, प्रत्येकाची नेहमीची जागा विचारत जात राहिली आणि चेहऱ्यांना त्यांची ताटं जोडत राहिली. "म्हणजे जळका टोकाचा तुकडा खाणारे डॉक्टर तुम्ही! घ्या, दोन्ही टोकं ठेवलीयत." "ग्रेव्ही बाजूला घेणाऱ्या तुम्हीच ना? सर्दी गेली?" "मर्विनच्या आई, तुम्ही पुडिंग आधी खाता, बरोबर? आधीच देते." लोक खुर्च्यांवरून वळून वळून बघत होते. मागच्या टेबलावरून आवाज येत होते, "मिसेस प्रीस, मी कोण? मी कोण सांगा!" ती मान वाकडी करून बघायची, "तुम्ही... पार्सनिपचे कंद रुमालात लपवणारे," आणि सगळे मोज्यांतल्या पायांनी जमीन थोपटायचे. तिचे गाल भट्टीपेक्षा लाल झाले होते.

मग ती कोपऱ्यातल्या टेबलापाशी पोचली. मिस थार्प. विनचा हात सुरीवर थांबला. मी ग्रेव्हीचं भांडं घेऊन जवळच उभी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मिस सिसिली," विन म्हणाली, "मी विनिफ्रेड. भांडी घासायला होते. सूप सांडलं होतं मी. पाद्रीबाबांवर. तुम्ही होतात त्या दिवशी टेबलावर."

मिस थार्पांनी डोळे बारीक केले. "सूप?"

"हो. लेडीसाहेब म्हणाल्या, पुन्हा या दालनात दिसू नकोस."

मिस थार्पांनी हातातला रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मला काही आठवत नाही गं. आई रोजच कुणाला ना कुणाला बाहेर काढायची. मला तर आठवड्यातून दोनदा." त्यांनी विनच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तू म्हणजे तेव्हापासून...?"

विनने मान डोलावली.

"अरे देवा," मिस थार्प हळूच म्हणाल्या. मग समोरची रिकामी खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बस. हे माझ्या वडिलांचं घर होतं, मी सांगते, बस. आणि आधी मला तो काप दे, भूक लागलीय."

विन बसली नाही, अजून सव्वीस ताटं बाकी होती. पण ती हसली. आणि मग कापता कापता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ती ते मनगटाने पुसत होती आणि काप तसेच पातळ पडत होते, एकही वाकडा नाही. तीन वाजता, क्रंबलही संपल्यावर, ती खरंच येऊन त्या खुर्चीत बसली. मीच तिला ताट वाढून दिलं. पंचेचाळीस वर्षं त्या घराला रविवारी जेवू घालणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा त्या दालनात जेवली. पहिला घास घेतल्यावर म्हणाली, "मीठ थोडं कमी पडलंय."

"गप्प बस आणि खा," मिस थार्प म्हणाल्या.

चारनंतर पाणी उतरायला लागलं तशी मर्विनने परतीच्या खेपा सुरू केल्या. कुणालाच जायचं नव्हतं. शेवटच्या खेपेला विन ट्रॅक्टरवर त्याच्या शेजारी बसली, सायकल मागच्या ट्रॉलीत. मर्विन पुढे सांगायचा की ती वाटभर बोलत होती, एक क्षण थांबली नाही. कोण कुठे बसलं होतं, कुणाचा चेहरा कसा निघाला. "मला वाटायचं पार्सनिप लपवणारा म्हातारा असेल, तर तो पोरगेलासा निघाला रे!" घर आलं तरी तिला कळलं नाही, मर्विनने तिच्या फाटकासमोर इंजिन बंद केलं आणि ती अजून दहा मिनिटं बोलत होती.

पुढच्या रविवारी ज्युलियन स्वतः तिच्यापुढे उंच टोपी घेऊन आला. "मिसेस पी, आता ही तुमची. लोक मला विचारतायत, ती बाई कुठाय म्हणून." थोडं लागलं होतं त्याला, पण मनापासून दिली. विनने टोपी घेतली नाही, म्हणाली, ती घालून मी कोंबडीसारखी दिसेन. पण दारातून ती बाहेर गेली, आणि पुढची अकरा वर्षं दर रविवारी जात राहिली. पार हेरफर्ड, वूस्टर शहरांतून लोक यायला लागले, आपण कोण ते तिच्याकडून ऐकायला. मनगट दुखायला लागलं तेव्हा तिने सुरी ठेवली, तीही तक्रार न करता. मिस थार्प त्याआधीच गेल्या होत्या. त्यांच्या दफनानंतर जेवण आमच्याकडेच होतं, आणि विनने सगळ्यांसमोर उभं राहून काप काढले.

आता विन गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, भाचीकडे राहते. रविवारी भाचीच बीफ भाजते. मी विचारलं, "तू मध्ये पडत नाहीस ना?"

"मुळीच नाही," विन म्हणाली. "मी नुसती खुर्चीवर बसते."

स्वयंपाकघरातून भाचीचा आवाज आला, "भट्टीसमोर खुर्ची ओढून!"